पहिली संध्याकाळ : गिरिराजची पिल्ले परसात सोडतानाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

ज्या कुटुंबाचे हे प्रकरण आहे, ते पुणे जिल्ह्यातील भोर तालुक्याच्या डोंगराळ पट्ट्यात राहते. नावे बदलली आहेत आणि गावाचा उल्लेख टाळला आहे. आकडे त्या वेळी मी वहीत टिपून ठेवले होते, तेच दिले आहेत.

या पट्ट्यात भात हे मुख्य पीक, पावसाळा जोरदार आणि हिवाळ्यातल्या रात्री चांगल्याच गारठ्याच्या असतात. जवळपास प्रत्येक घरामागे चार-सहा गावठी कोंबड्या दिसतात. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की तिच्याखाली दहा-बारा अंडी बसवायची, एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली की एक-दोन दिवस तिला पिल्लांसह डालग्याखाली (बांबूच्या मोठ्या टोपलीखाली) ठेवायचे, आणि त्यानंतर तीच त्यांना उकिरड्यापर्यंत, गोठ्यापर्यंत, कुंपणापर्यंत फिरवून आणते. पिल्ले बाहेर कधी काढायची, हा प्रश्न या पद्धतीत माणसाला पडतच नाही. तो निर्णय कोंबडी घेते.

सुमनताई (बदललेले नाव) महिला बचत गटाच्या सदस्य. परसातील कुक्कुटपालन थोडे वाढवून पाहावे, या विचाराने त्यांनी गिरिराज जातीची १०० एकदिवसीय पिल्ले मागवली. गिरिराज ही बंगळुरूला विकसित झालेली, रंगीत पिसांची, गावठीपेक्षा वजनाला भरदार आणि अंडीही अधिक देणारी जात आहे. पिल्ले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आली, खोक्यातून मोजून काढली तेव्हा १०२ भरली. त्या काळात मी परिसरातील गटांना कुक्कुटपालनाचे प्रशिक्षण देत होते आणि दर आठवड्याला या घरी जात होते. म्हणजे पुढे जे निर्णय झाले, त्यांतील काही माझे आहेत.

घरालगतची आठ बाय सात फुटांची खोली रिकामी करून, चुन्याने रंगवून, जमिनीवर भाताच्या तुसाची तीन इंचांची गादी अंथरली. मध्यभागी पत्र्याचा गोल चिकगार्ड, म्हणजे पिल्ले उबेजवळ राहावीत म्हणून लावलेले कडे, आणि त्यावर १०० वॅटचे दोन दिवे टांगले. पहिल्या दिवशी गुळाचे पाणी आणि वर्तमानपत्रावर पसरलेला मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून पिल्लांचे तयार खाद्य. पहिल्या आठवड्यात दिव्याखालची ऊब ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी उतरवत न्यायची, हे ठरलेले होते. मरेकची लस उबवणी केंद्रातच टोचून झाली होती. सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून लासोटा (राणीखेत रोगाची लस), चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पिण्याच्या पाण्यातून पुन्हा लासोटा देण्यात आली.

प्रवासाच्या ताणाने पहिल्या तीन दिवसांत तीन पिल्ले दगावली. नवव्या रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. त्या वेळी पिल्ले मोठी होत असल्याने चिकगार्ड काढून टाकला होता, त्यामुळे ऊब शोधत पिल्ले खोलीच्या कोपऱ्यात एकावर एक चढली आणि खालची सहा गुदमरली. दुसऱ्याच दिवशी सुमनताईंनी चारही कोपरे पुठ्ठे लावून गोल केले. ९३ पिल्ले पाचव्या आठवड्यात सुखरूप पोहोचली.

प्रश्न कसा उभा राहिला

पाचव्या आठवड्यात खोली पुरेना. चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा चालते. त्यानंतर किमान एक चौरस फूट लागते. इथे ५६ चौरस फुटांत ९३ पिल्ले होती. सकाळी दार उघडले की डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला, म्हणजे गादीत अमोनिया साठत होता. काही पिल्ले एकमेकांच्या शेपटीजवळ टोचू लागली होती आणि दोघा-तिघांच्या अंगावर रक्ताचे ठिपके दिसले. टोचण्याची ही सवय एकदा कळपात पसरली की सहसा सुटत नाही, त्यामुळे चालढकल करून भागणार नव्हते. शिवाय तयार खाद्याचे दुसरे पोते संपत आले होते, आणि तिसरे न आणता पिल्ले परसातले किडे, गवत आणि घरची कणी यांवर आणावीत, अशी कुटुंबाची इच्छा होती. पैशांचा विचार करता ती रास्तही होती.

परसात खुराडे तयार होते. सुमनताईंच्या यजमानांनी बांबू, जाळी आणि पत्रा वापरून ते जमिनीपासून दीड फूट उंच बांधले होते, वर चढायला फळी होती आणि आत बसायला दांड्या होत्या. परसाला करवंदीचे कुंपण, एका बाजूला गवताची गंजी, मध्ये आंब्याचे एक झाड आणि बाकी मोकळी जागा होती.

दिवसा बाहेर २९-३० अंश आणि रात्री १२ अंशांपर्यंत घसरण, असे ते फेब्रुवारीच्या सुरुवातीचे हवामान होते. पाच आठवड्यांच्या पिल्लाला दिवसाची हवा पूर्ण मानवते. रात्रीची मानवेलच असे नाही. वास्तविक इथे दोन वेगळे प्रश्न होते : पिल्ले दिवसा बाहेर केव्हा न्यायची, आणि रात्री बाहेरच्या खुराड्यात केव्हा ठेवायची. आम्ही ते एकच धरले, आणि मागे वळून पाहताना सगळ्यात मोठी चूक मला तीच वाटते.

विचारात घेतलेले पर्याय

आठव्या आठवड्यापर्यंत पिल्ले आतच ठेवणे हा पहिला पर्याय होता. त्यात थंडीचा आणि शिकारी पक्ष्यांचा धोका टळला असता, परंतु त्यासाठी आणखी एक खोली आणि किमान दोन पोती खाद्य लागले असते. निम्मी पिल्ले शेजारच्या गटसदस्याकडे हलवावीत असेही बोलणे झाले. मात्र दोन घरच्या कोंबड्या एकमेकींत मिसळल्या की रोगाची ये-जा सुरू होते, म्हणून ते मीच नको म्हटले.

दुसरा पर्याय टप्प्याटप्प्याने सोडण्याचा होता. आंब्याखाली जाळीचा तात्पुरता वाडा करून पिल्ले रोज दोन-तीन तास त्यात ठेवायची, संध्याकाळी पुन्हा खोलीत आणायची, आणि आठ-दहा दिवसांनी खुराड्यात मुक्काम हलवायचा. यात ९३ पिल्ले रोज दोनदा उचलून नेण्याचे काम होते. घरात त्याच दिवसांत कांद्याची खुरपणी चालू होती आणि हे काम कोण करणार, याचे उत्तर सापडेना.

तिसरा पर्याय सरळ होता : एका दिवशी सकाळी सगळी पिल्ले खुराड्यात हलवायची, दार उघडायचे आणि त्यांना फिरू द्यायचे.

सुमनताईंच्या सासूबाईंनी, म्हणजे घरच्या आजींनी, या चर्चेच्या वेळी एक पिल्लू हातात घेतले, उलटे धरून त्याच्या पाठीवर आणि पंखाखाली फुंकर मारली आणि आम्हाला दाखवले. वरून पिसे भरलेली दिसत होती, पण फुंकरीने ती बाजूला होताच मधली गुलाबी कातडी उघडी पडत होती. "अजून आंग झाकलं न्हाई," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "ताई, ह्यांना आई न्हाई. सांज झाली की कुठं जायाचं, हे ह्यांना कोन सांगनार?"

फुंकरीची परीक्षा मी वहीत लिहून घेतली. दुसरे वाक्य लिहिले नाही. ते मला हळहळ म्हणून उच्चारलेले वाटले. प्रत्यक्षात तो नेमका सल्ला होता. खुडूक कोंबडी पिल्लांना नुसती ऊब देत नाही. घारीची सावली पडली की ती इशारा देते आणि पिल्ले तिच्या पंखाखाली किंवा झुडपात शिरतात. काय टिपायचे आणि काय सोडायचे, हे ती चोचीने दाखवते. आणि दिवस कलला की त्यांना घेऊन ठरलेल्या जागी जाते. यंत्रात उबवलेल्या पिल्लांच्या बाबतीत ही सगळी कामे पाळणाऱ्याकडे येतात. ऊब देण्याचे काम आम्ही नीट केले होते. बाकीची तीन कामे आपली आहेत, हे आमच्या ध्यानातच आले नाही.

अखेर तिसरा पर्याय निवडला गेला आणि चौतिसावा दिवस ठरला. त्या दिवशी माझी ठरलेली भेट होती, हे त्यामागचे एक कारण होते, आणि ते लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. पिल्लांची तयारी पाहून दिवस ठरला नाही, माझ्या सोयीने ठरला.

प्रत्यक्षात काय झाले

चौतिसाव्या दिवशी सकाळी नऊ वाजता पिल्ले पाट्यांतून खुराड्यात नेली आणि दार उघडले. पहिला अर्धा तास एकही पिल्लू बाहेर आले नाही. दारातून आत पडलेल्या उन्हाच्या पट्ट्याच्या कडेला ती रांगेने उभी होती आणि त्या उजळ पट्ट्यावर पाय ठेवायला तयार नव्हती. मग एक तांबूस नर फळीवर उतरला, त्याने जमिनीवर चोच मारली, त्याला मुंगी सापडली, आणि पाहता पाहता सगळी पिल्ले खाली आली. पुढचे दोन तास परस आनंदाने भरून गेले. पिल्ले माती उकरत होती, उन्हात पंख पसरून लोळत होती. आम्ही समाधानाने पाहत राहिलो. मी दुपारी एकच्या सुमारास निघाले, आणि तेही घाईचे झाले.

दुपारी तीनच्या सुमारास घारीने एक पिल्लू उचलले. सुमनताईंनी सांगितले की घार दोन घिरट्या घालून गेली, तरी पिल्ले मोकळ्या जागेतच होती. करवंदीखाली शिरावे, हे त्यांना सुचले नाही.

संध्याकाळी साडेसहाला सूर्य मावळला. घरच्या गावठी कोंबड्या आपापल्या जागी गेल्या. पिल्ले मात्र खुराड्याकडे वळली नाहीत. ती सगळी घराच्या पडवीत, पेटलेल्या दिव्याखाली, भिंतीला चिकटून गोळा झाली. याचे कारण मला दुसऱ्या दिवशी कळले आणि कळल्यावर ते अगदी साधे वाटले. या पिल्लांनी जन्मल्यापासून एकही रात्र काळोखात काढली नव्हती, वीज गेलेली ती एक रात्र सोडली तर. आणि त्या रात्री काळोख म्हणजे थंडी आणि चेंगराचेंगरी हेच त्यांनी अनुभवले होते. त्यांच्या लेखी घर म्हणजे दिवा. खुराड्याचे दार त्या वेळी काळे ठिक्कर होते आणि पडवीत दिवा होता.

घरातल्या चौघांनी बॅटरीच्या उजेडात एकेक पिल्लू पकडून खुराड्यात टाकले. त्यात दीड तास गेला, पिल्ले घाबरून उधळली, आणि मोजणी केली तेव्हा तीन कमी भरली. सकाळी दोन पिल्ले गंजीच्या तळाशी गारठून मेलेली सापडली. तिसऱ्याची फक्त पिसे होती, बहुधा बोक्याने नेले. ८९ उरली.

पाचव्या दिवशी, म्हणजे अडतिसाव्या दिवशी, सुमनताईंचा सकाळी फोन आला की काही पिल्ले पंख पाडून, डोळे मिटून बसली आहेत आणि विष्ठेत रक्त आहे. लक्षणे रक्ती हगवणीची होती. पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी येऊन पाहणी केली, मेलेले एक पिल्लू उघडून आतडी दाखवली आणि अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगितले. औषध त्याच दुपारी सुरू झाले, तरी पाच पिल्ले गेली.

रक्ती हगवण करणारे एकपेशीय परजीवी कोंबड्यांच्या विष्ठेतून जमिनीवर येतात आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत संसर्गक्षम होतात. गावठी कोंबड्या वर्षानुवर्षे वावरलेल्या परसात ते असणार, हे गृहीतच धरायला हवे होते. पाण्याची भांडी आम्ही आंब्याच्या सावलीत थेट मातीवर ठेवली होती. पिल्ले पाणी सांडत, तिथेच हगत आणि तिथलीच ओली माती चिवडत. त्यात भर अशी की बाहेर सोडण्याच्या दिवशीच आम्ही तयार खाद्य बंद करून कणी आणि मक्याचा भरडा सुरू केला होता. त्या तयार खाद्यात या रोगाला आवर घालणारे औषध मिसळलेले होते. जागा, रात्रीचा मुक्काम आणि खाद्य असे तीन बदल आम्ही एकाच सकाळी केले, आणि ज्या दिवशी पिल्लांना त्या औषधाची सर्वाधिक गरज होती, नेमक्या त्याच दिवशी ते काढून घेतले.

दुरुस्ती

एकोणचाळिसाव्या दिवशी आम्ही सगळे बसून नव्याने ठरवले. पिल्ले चार दिवस पूर्णपणे खुराड्यात बंद ठेवली, खाणेपिणे आतच दिले, जेणेकरून हीच आपली जागा हे त्यांच्या अंगवळणी पडावे. खुराड्याला तीन बाजूंनी पोती बांधली आणि वरची एक वीत हवेसाठी उघडी ठेवली. आत ४० वॅटचा एक दिवा लावला आणि पडवीतला दिवा संध्याकाळी सात वाजेपर्यंत बंद ठेवायचा, असे घरात ठरले. चार दिवसांनी दार उघडले ते सकाळी नव्हे, तर संध्याकाळी पाच वाजता. पिल्लांना फिरायला जेमतेम दीड तास होता, पोटे भुकेली होती आणि खाद्य फक्त खुराड्यात होते.

ही कल्पना आजींची. नव्याने आणलेली कोंबडीही त्या अशीच, दिवस कलताना पहिल्यांदा सोडत. सव्वासहाला आजींनी पत्र्याच्या डब्यात मक्याचे दाणे घालून तो खुळखुळवला आणि "ती ती ती" अशी साद घातली. हाच डबा चार दिवस खुराड्यात प्रत्येक खाण्याच्या वेळी वाजला होता. त्या संध्याकाळी सुमारे साठ पिल्ले आपणहून फळी चढली, बाकीची उचलून ठेवावी लागली. सहाव्या संध्याकाळपर्यंत सगळी जाऊ लागली. मग सोडण्याची वेळ रोज तासाभराने अलीकडे आणली आणि दिव्याचा वेळ कमी करत नेला. पन्नासाव्या दिवसानंतर रात्री दिवा लावला नाही.

पाण्याची भांडी विटांच्या चौथऱ्यावर जाळी टाकून ठेवली आणि त्यांची जागा दर दोन दिवसांनी बदलली. जुनी ओली माती खरवडून तिथे चुना मारला. तयार खाद्य पुन्हा आणले आणि दहा दिवसांत थोडे थोडे करून घरच्या धान्यावर आणले. घारीसाठी मोकळ्या जागेत तुरीच्या काड्यांचे चार-पाच मांडव गुडघ्याएवढ्या उंचीवर उभे केले. पिल्ले दुपारी त्यांखाली बसू लागली आणि घारीला सरळ झडप घालायला वाव उरला नाही. त्यानंतर शिकारी पक्ष्याने फक्त एक पिल्लू नेले.

परिणाम

आठव्या आठवड्यात राणीखेतची, म्हणजे गावातल्या शब्दांत मानमोडीची, आर-टू-बी लस टोचली तेव्हा ८३ पक्षी होते आणि बाराव्या आठवड्यातही ८३ च होते. आलेल्या १०२ पैकी १९ गेले. त्यांतील तीन प्रवासाने आणि एक पिल्लू मांडव झाल्यानंतर घारीने गेले. ही चार सोडली तर उरलेली १५ आमच्या निर्णयांशी थेट जोडता येतात : सहा नवव्या रात्रीची, चार पहिल्या दिवसाची आणि पाच हगवणीची. नर विकून खाद्याचा खर्च निघाला. तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण माद्या, कुटुंबाने ठेवून घेतल्या.

वेगळे काय करता आले असते

खोली अपुरी पडणार, हे पहिल्याच दिवशी हिशेबाने दिसत होते. ५६ चौरस फुटांत चार आठवड्यांनंतर जास्तीत जास्त ५६ पिल्ले मावतात. मग एकतर पिल्ले कमी मागवायला हवी होती, नाहीतर आंब्याखालचा जाळीचा वाडा चौथ्या आठवड्यातच उभा करायला हवा होता. पाचव्या आठवड्यातली घाई ही पहिल्या दिवशी न केलेल्या गुणाकाराची होती.

पिल्लांना काळोखाची सवय खोलीतच लावता आली असती. तिसऱ्या आठवड्यापासून रात्री सुरुवातीला तासभर आणि मग वाढवत नेऊन दिवा बंद ठेवायचा, थंडी असेल तर ऊब राखून फक्त उजेड कमी करायचा, आणि एक-दोन ठेंगण्या दांड्या आत ठेवायच्या, एवढे पुरले असते. वीज गेली तरी मग पिल्ले बिथरली नसती. टप्प्याटप्प्याने सोडण्याचा पर्याय आम्ही मनुष्यबळाअभावी नाकारला, पण पहिल्या रात्रीची पकडापकड आणि नंतरचा आजार यांवर जेवढे तास गेले, तेवढ्यात तो सहज झाला असता.

गावठी कोंबड्यांच्या संगतीबद्दल माझे मत अजून पक्के नाही. त्या सोबत असत्या तर इशारा मिळाला असता, संध्याकाळची वाट दिसली असती. पण त्याच कोंबड्या रोगही घेऊन येतात आणि आईपासून दूर, तुसाच्या स्वच्छ गादीवर वाढलेली पिल्ले त्याला लवकर बळी पडतात. सुमनताईंनी दुसऱ्या खेपेला यावर आपला मार्ग काढला. ती पिल्ले सप्टेंबरअखेर आली, या वेळी मोजून ५०. त्याच सुमारास घरची एक गावठी कोंबडी खुडूक बसली होती. आजींनी रात्री तिच्याखालची अंडी काढून आलेल्या ५० पैकी १० पिल्ले हळूच सरकवली, सकाळी कोंबडीने ती आपली मानली, आणि तिला त्या दहांसह वेगळ्या डालग्यात ठेवले. उरलेली ४० खोलीत, तिसऱ्या आठवड्यापासून काळोखाची सवय लावत वाढवली आणि पाठीवर फुंकर मारून कातडी दिसेनाशी झाल्यावरच, सहाव्या आठवड्यात, चार दिवस खुराड्यात कोंडून मग संध्याकाळी सोडली.

त्या पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबले होते. डबा वाजला तेव्हा सहा वाजायला थोडा वेळ होता. कोंबडी आपली दहा घेऊन डालग्याकडे निघाली. खोलीतल्या ४० पैकी ३३ फळी चढून आत गेली. सात फळीच्या पायथ्याशी घुटमळत राहिली. आजींनी ती एकेक करून उचलली, दांडीवर नेऊन बसवली आणि दार लावून घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांना उचलावे लागले नाही.